नकाशावरून पुसलेलं दुकान

सन २०२२. तेव्हा माझं वय सदुसष्ट. शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी वर ढकललं म्हणून. अशा माणसाने दिवाळी अंकात एसइओवर लिहावं याचं पुष्कळांना नवल वाटेल. मला वाटत नाही. दुकानाचं नाव लोकांच्या नजरेसमोर आणायचं, हे एकच काम मी जन्मभर केलं. आधी ब्रशने केलं, नंतर मोबाईलवर केलं. त्या साली एक दुकान माझ्याच हाताने नजरेआड झालं, त्याची ही हकीकत आहे.

पण आधी ब्रशचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी नाशिकचा बोर्ड पेंटर. दुकानांचे बोर्ड करायचो आणि आग्रा रोडच्या भिंती रंगवायचो. पाइपच्या, बियाण्यांच्या, बनियनच्या जाहिराती. नवखा पेंटर मोठी भिंत शोधायचा, मी वळणावरची शोधायचो. चांदवडच्या घाटात ट्रक जिथे गिअर बदलतो तिथली चार हात भिंत ही सरळ रस्त्यावरच्या गोदामाएवढ्या भिंतीला भारी पडते, कारण तिथे ड्रायव्हर हळू होतो आणि हळू झालेला माणूस वाचतो. अशा भिंतीसाठी मी घरमालकांच्या ओट्यावर तासन् तास बसलो आहे. त्यांच्या पोरींच्या लग्नात वाढपी झालो आहे.

मग फ्लेक्स आला. एका तासात छापून मिळतो, वर मालकाचा फोटोही येतो. एका किराणावाल्याने माझा पत्र्याचा बोर्ड उतरवला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. अक्षरं वरच्या बाजूला होती. माझ्या अक्षरांवर कोंबड्या बसलेल्या मी स्वतः पाहिल्या. घरी आलो, ब्रश धुतले, पुसले, डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला आणि बायकोला सांगितलं, आता या हाताने बोर्ड व्हायचा नाही. ती म्हणाली, मग खाणार काय? मी म्हटलं ते बघू, पण शब्द तो शब्द. बरीच वर्षं पाळला. अंबडच्या कारखान्यांत वॉचमनकी केली, पण ब्रश हातात धरला नाही.

आमची सून वैशाली कॉमर्स शिकलेली. लग्नाआधी एका कंपनीत नेटवर जाहिराती करायची. बाळंतपणानंतर घरी बसून तेच काम घेऊ लागली. मी शेजारी खुर्ची टाकून बघायचो आणि नावं ठेवायचो. हा रंग कशाला, हे अक्षर बारीक कशाला. एक दिवस ती वैतागली. म्हणाली, "अण्णा, नुसती नावं नका ठेवू. माझ्याबरोबर दुकानदारांकडे चला. मी विचारलं की ते सगळे ‘बेस्ट क्वालिटी’ म्हणतात आणि गप्प बसतात. तुमच्याशी बोलतील."

गेलो. बोलले. तेव्हापासून बोलणं माझं आणि कॉम्प्युटर तिचा. ही आमची दोघांची कंपनी. तिला नाव नाही आणि बोर्डही नाही.

आता एसइओ म्हणजे काय, ते माझ्या भाषेत सांगतो. माणसाला अडचण आली की पूर्वी तो शेजाऱ्याला विचारायचा, आता मोबाईलला विचारतो. मोबाईल त्याला दहा-वीस नावं दाखवतो. माणूस पहिली तीन-चार बघतो, खाली जात नाही. त्या पहिल्या तीन-चारांत आपलं गिऱ्हाईक बसवायचं, एवढंच काम. पुन्हा तीच वळणावरची भिंत. फरक एवढाच की इथे भिंतीचा मालक ओट्यावर भेटत नाही. तो एक यंत्र आहे, त्याला चहा पाजता येत नाही. त्याला दोन गोष्टी लागतात. माणूस ज्या शब्दांत विचारतो, त्याच शब्दांत दुकानाची माहिती पाहिजे. आणि ती माहिती खरी असल्याची साक्ष पाहिजे. साक्ष म्हणजे फोटो, पत्ता, फोन आणि गिऱ्हाइकांची मतं, ज्याला रिव्ह्यू म्हणतात.

वणीला एक बाई आहेत. गडावर जाणाऱ्या भाविकांना त्या खोल्या भाड्याने देतात. त्यांनी नेटवर सगळे फोटो गडाचे टाकले होते. पायथ्यापासून गड, ढगातला गड, दिव्यांच्या माळांतला गड. तरी कोणी येईना. मी म्हटलं, ताई, गड लोकांना ठाऊक आहे, त्यासाठीच ते येतात. त्यांना तुमचा संडास दाखवा. बाई इतक्या चिडल्या की पुढ्यातला चहा उचलून आत नेला. वैशालीने त्यांना समजावलं की लेकुरवाळी बाई खोली शोधताना आधी तेच बघते. शेवटी बाईंनी फरशी घासूनपुसून फोटो काढू दिले, पण मला खोलीबाहेर उभं करून. पुढच्या नवरात्रात एकही खोली रिकामी नव्हती. भेटल्या तर अजूनही तोंड फिरवून हसतात.

सगळेच असे सरळ नसतात. एक क्लासवाले सर म्हणाले, सोमवारपर्यंत मला एक नंबरला आणा. मी विचारलं, सर, तुमचं पोरगं सोमवारपर्यंत दहावी होतं का? ते गिऱ्हाईक तिथेच संपलं. वैशाली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता रफिकचं.

अंबडच्या शेडमध्ये रफिकचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली, बोअरमधली मोटर जळाली की शेतकरी ती गाडीत टाकून तिथे आणतो. रफिक आतली जळकी तार काढून नवी भरतो. दुकान त्याच्या वडिलांनी, उस्मानचाचांनी टाकलं. चाचा माझे दोस्त. त्यांचा बोर्ड मीच केलेला, तेव्हा माझे केस काळे होते. चाचा वारले, त्यानंतर आसपास नवी दुकानं झाली. अंबडच्या गल्ल्या सगळ्या सारख्या, शेडला शेड लागलेली. जुने शेतकरी स्वतः यायचे बंद झाले, त्यांची पोरं आणि भाड्याच्या पिकअपचे ड्रायव्हर मोबाईलवरचा नकाशा बघून येऊ लागले. नकाशावर रफिक कुठेच नव्हता. तो माझ्याकडे आला, तेव्हा मी छातीवर हात मारून म्हटलं, हे काम माझं. उस्मानच्या दुकानाचा रस्ता मी बंद पडू देणार नाही.

वैशालीने दुकान नकाशावर टाकलं. फोन यायला लागले. पण नाव तिने साधं ठेवलं होतं, चार शब्दांचं. मला ते खुपायला लागलं. आमच्या धंद्यात बोर्डाचा कोपरा कोरा ठेवायची पद्धत नाही. कोरा ठेवला की मालक म्हणतो, पत्रा मी पूर्ण दिला, तू अर्धाच का रंगवलास? त्यामुळे पेंटर जे सुचेल ते लिहून जागा भरतो. मी वैशालीच्या मोबाईलवरून नाव बदललं आणि भरत गेलो. रफिकभाई मोटर रिवाइंडिंग, सबमर्सिबल पंप रिपेअर, बेस्ट सर्व्हिस, अंबड, नाशिक, पिंपळगाव, चांदवड. जागा संपली तेव्हा थांबलो. बघून बरं वाटलं.

मग खंडेनवमी आली. रफिकच्या दुकानात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, ती चाचांच्या वेळेपासून. कारागीर बहुतेक हिंदू. चाचा म्हणायचे, ज्याच्या हाताला यंत्र, त्याचा सण. त्या दिवशी वाइंडिंगच्या मशीनला झेंडूची माळ घालतात, जुनी गिऱ्हाइकं येतात, बाकड्यावर बसून पेढा खातात. वैशाली माहेरी गेली होती. मी बघितलं, एवढी मंडळी आयती बसली आहेत, आपल्याला मतं हवी आहेत, मग आणखी मुहूर्त कोणता बघायचा? दुकानाचं वायफाय सगळ्यांना लावून दिलं आणि म्हटलं, पेढा नंतर, आधी पाच स्टार.

पुष्कळांना लिहिता येईना. त्यांचे मोबाईल घेऊन मीच लिहिलं. काय लिहावं हा प्रश्नच नव्हता, हयातभर बोर्डांच्या तळाला जे लिहिलं तेच: उत्तम काम, वाजवी दर, खात्रीशीर सेवा. चांदवडचे शिवाजीतात्या, कांदावाले, चाचांच्या वेळचं गिऱ्हाईक, ते वाचून म्हणाले, "मी असं बोलत नाय, पेंटर." मी म्हटलं, तात्या, बोर्डावर असंच असतं. त्यांनी मान हलवली आणि पेढा घेतला.

त्यात एकही खोटा माणूस नव्हता, हे मी आजही ठासून सांगतो. प्रत्येकाची मोटर तिथेच भरलेली.

दसऱ्यानंतर दोन-चार दिवसांनी दुकान नकाशावरून गेलं. खाली घसरलं असं नाही, पार पुसलं. नाव टाकलं तर शेजारची दुकानं दिसायची आणि रफिकच्या जागी नुसता करडा चौकोन. वैशाली माहेरहून आली, तिने सगळं उघडून पाहिलं आणि मला विचारलं, "अण्णा, ही सगळी मतं एकाच दुपारी? एकाच वायफायवरून? आणि एकाच वाक्यात?"

"मग काय प्रत्येकाच्या घरी अक्षत घेऊन जाऊ?"

"हो. तसंच करायचं असतं."

तिने सांगितलं ते ऐकून माझं डोकं तापलं. पैसे घेऊन खोटी मतं लिहिणारे लोक असतात. ते एका खोलीत बसून, एका दमात, तीच ती वाक्यं लिहितात. यंत्राने आमच्याकडे बघितलं आणि त्याला वाटलं, हा त्यातलाच. ज्या माणसाने खोटी मतं विकणाऱ्याला कधी दारात उभं केलं नाही, तो लबाड ठरला. यंत्राच्या दृष्टीने शिवाजीतात्या जन्मालाच आलेले नव्हते.

मी म्हटलं, भांडू. वैशाली म्हणाली, भांडायला समोर कोणी नाही. अर्ज करायचा आणि दुकानाचा व्हिडिओ पाठवायचा. रस्ता दाखवायचा, बोर्ड दाखवायचा, मग आपल्या किल्लीने शटर उघडून आतली यंत्रं दाखवायची. मध्ये कुठेही तोडायचं नाही. म्हणजे हे दुकान खरोखर आहे आणि आपलंच आहे, हे पटवायचं. मला ते चोराची जबानी घेतल्यासारखं वाटलं. पण वैशालीने व्हिडिओ काढला आणि अर्ज पाठवला.

दिवाळी गेली. उत्तराची वाट बघत होतो आणि रफिकचा फोन गप्प होता. कांद्याची लागण, म्हणजे लागवड, तोंडावर आली. त्या दिवसांत मोटरी रात्रंदिवस चालतात आणि जळतातही. वाइंडिंगवाल्याचं वर्ष त्या दोन-तीन महिन्यांवर निघतं. एके दिवशी शिवाजीतात्या दुकानात आले ते मान खाली घालून. त्यांची मोटर जळली होती, पण ती दुसरीकडे भरून झाली होती. रफिकला म्हणाले, "डायवर पोरगं नवं होतं. तुझं नाव टाकलं तं मोबाईलातली बाई म्हनली, असं ठिकानच नाय. मंग तिनं दाखवलं तिकडं नेलं पोरानं. मी गाडीत डुलकी काढीत व्हतो. जागा झालो तवर मोटर उतरवली व्हती."

 रफिकने तात्यांसाठी चहा सांगितला. पण तात्या गेल्यावर मला म्हणाला की एक एजन्सीवाला येऊन गेला आहे. गळ्यात टाय, हातात टॅब. त्याचं म्हणणं, हे जुनं खातं सोडून द्या, नवीन नावाने नवीन दुकान दाखवू. ए-वन पंप सोल्युशन्स. मतं तो स्वतः आणून देणार, एका दुपारी शंभर, वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या वाक्यांत. यंत्राला संशयसुद्धा येणार नाही.

म्हणजे खरी माणसं आणली तर खोटी ठरली आणि खोटी आणली तर खरी ठरणार. मी रफिकला म्हटलं, उत्तर येऊ दे.

उत्तर एका संध्याकाळी आलं. आम्ही तिघेही दुकानातच होतो. अर्ज नामंजूर. वैशालीने कारणं वाचली. व्हिडिओतला बोर्ड वाचता येत नाही. आणि जे थोडंफार वाचता येतं ते अर्जातल्या नावाशी जुळत नाही. मी बाहेर येऊन वर पाहिलं. रोज खालून जात होतो, पण बोर्डाकडे बघितलं नव्हतं. बघायचं टाळलं होतं म्हणा. माझाच बोर्ड. गंजाने अर्धा खाल्लेला, उन्हाने उडालेला, ‘उस्मान’मधलं पहिलं अक्षर तेवढं धड. आणि नकाशावर मी भरलेली ती मालगाडी, रफिकभाईपासून चांदवडपर्यंत. त्यात उस्मान कुठेच नाही.

वैशाली म्हणाली, "बोर्डावर जे असेल तेच नाव नकाशावर पाहिजे. एक अक्षर जास्त नको. आणि बोर्ड कायमचा पाहिजे. फ्लेक्स लावला तर त्यांना वाटतं, कालच टांगलाय."

फ्लेक्सबद्दल यंत्राचं आणि माझं मत एकच निघालं. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते यंत्र जरा समजूतदार वाटलं.

रफिकने बोर्डवाल्याला फोन लावला. अ‍ॅक्रिलिकचा बोर्ड, लोखंडी फ्रेम, आठवडा लागेल म्हणाला. रफिकने फोन खिशात ठेवला आणि बाकड्यावर बसला. हळूच म्हणाला, "काका, एक आठवडा बोर्डाला, वर त्यांचं उत्तर येईपर्यंत किती ते अल्ला जाणे. लागण निघून जाईल. तो एजन्सीवाला उद्या संध्याकाळी येतोय. मी त्याला हो म्हणतो. तुमच्यावर राग नाही माझा."

"आणि उस्मानचं नाव?"

"अब्बांचं नाव अब्बांबरोबर गेलं. कारागिरांची घरं चालवायचीत मला. नावाने ती चालत नाहीत."

 तो बरोबर बोलत होता. नुसत्या नावाने घर चालत नाही हे बोर्ड पेंटरला कोणी शिकवायला नको. पण ए-वनच्या नावाखाली शंभर खोटी माणसं उभी राहणार होती आणि तात्यांसारख्या खऱ्या माणसांना तिथे जागा नव्हती, आणि ते दुकान पुसलं होतं मी. मी विचारलं, "संध्याकाळी येणार ना तो? मग संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"कसला वेळ?"

"पत्रा तोच राहू दे. शिडी आहे का तुझ्याकडे?"

वैशाली माझ्याकडे बघत राहिली. तिला खुराड्याची गोष्ट माहीत होती, घरात सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणाली, "अण्णा, तुमचे गुडघे." गुडघ्यांचं नाव घेतलं, शब्दाचं घेतलं नाही, हे तिचं शहाणपण. मी म्हटलं, गुडघ्याने कोणी अक्षर काढत नाही. रफिक म्हणाला की घोडा-शिडी आहे, पण हलते. मी म्हटलं, मग तू धर.

ते दुकान आज नकाशावर आहे. पंधरवड्याने परत आलं. लागणीची सुरुवात हुकली, पण मागची गर्दी मिळाली. एजन्सीवाला आला आणि चहा पिऊन गेला. मतं शून्यापासून गोळा केली. गावोगाव जाऊन सांगितलं, सवडीने लिहा, आपापल्या घरून लिहा, तुम्ही बोलता तसं लिहा. सगळ्यांत वर तात्यांचं आहे: "इथं परत भरली तवापासनं लाईट लय वेळा गेली पण मोटर जळली नाय. हे दुकान शेडच्या कोपऱ्याला हाये, भेळवाल्याच्या अंगाला." कांदावाली पोरं ते वाचून येतात. माझं ‘खात्रीशीर सेवा’ वाचून कोणी आलं असतं असं मला वाटत नाही, पण हे मी वैशालीसमोर कबूल केलेलं नाही.

या धंद्यात नवीन येणारे मला विचारतात, काका, काही युक्ती सांगा. युक्त्या वैशालीला विचारा, तिला पुष्कळ येतात. मी फक्त त्या दिवशी काय केलं ते सांगू शकतो.

अर्ज नामंजूर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून डबा काढला. ब्रश वाळून काटकीसारखे झाले होते. दोन तेवढे टर्पेंटाइनने मऊ झाले. लवकर सुकणारा प्रायमर आणि रंगाचे दोन छोटे डबे घेऊन वैशालीबरोबर सिटी बसने अंबडला गेलो. रफिक शटरसमोर शिडी धरून उभा होता. मी वर चढलो, पॉलिश पेपरने गंज खरवडला, प्रायमर आणि त्यावर पिवळा रंग मारला, ते सुकेपर्यंत खाली बसून राहिलो. मग खडूच्या दोऱ्याने रेघ मारली आणि पिवळ्यावर निळं लिहायला घेतलं. पहिलं अक्षर वाकडं आलं. पुसून पुन्हा काढलं. ‘उस्मान मोटर वाइंडिंग’. खाली अर्धा पत्रा उरला. रफिकने खालून विचारलं, काका, तिथे काय येणार? मी म्हटलं, काही नाही. त्याला वाटलं मी दमलो. मी रिकाम्या पत्र्याकडे बराच वेळ बघितलं, हातातला ब्रश दोनदा रंगात बुडवला, दोन्ही वेळा डब्याच्या काठाला निथळला. मग खाली उतरलो आणि वैशालीला म्हटलं, घे व्हिडिओ, रस्त्यापासून.